आठव्या बटणावरचा आवाज

आमच्याकडे ते यंत्र एकच होतं, आणि ते सहा आठवड्यांसाठीच घरी द्यायचं असा नियम होता. शाळेतल्या पाटीएवढं, राखाडी प्लॅस्टिकचं, त्यावर आठ चौकोनी बटणं. प्रत्येक बटणात कुणाच्या तरी आवाजात एक वाक्य भरून ठेवायचं. ज्याला बोलता येत नाही त्यानं बटण दाबलं की यंत्र ते वाक्य बोलायचं. बडोद्याहून अमेरिकेत गेलेल्या कुणीतरी ते आमच्या केंद्राला पाठवलं होतं. सहा आठवड्यांत ज्याच्या हाती दिलं त्याला त्याचा उपयोग होतोय असं दिसलं, तर लागेल तितके दिवस ते त्याच्याकडे राहायचं. नाही दिसलं तर परत, आणि यादीतल्या पुढच्या माणसाकडे.

आमचं अपंग पुनर्वसन केंद्र बडोद्याच्या अकोटा भागात एका बंगल्याच्या तळमजल्यावर होतं. पुढच्या खोलीत केंद्र चालवणाऱ्या मॅडम बसत. मागच्या पडवीत पायांचे कॅलिपर आणि हातांचे साचे तयार करणारे एक गुजराती काका ठाकठोक करत असत. मधली खोली माझी. ती बहुधा पूर्वी कोठीची असावी. खिडकी इतकी उंचावर होती की बाहेरचं काही दिसत नसे, फक्त उजेड यायचा. मला ते सोयीचं वाटायचं. वाचा-उपचाराचं शिक्षण नुकतंच संपलं होतं आणि ही माझी पहिली नोकरी. माझी आत्या सगळ्यांना हसून सांगायची, "ही स्वतः तोंड उघडत नाही, ही लोकांना काय बोलायला शिकवणार?" मीही हसायचे.

त्या बाईंना घेऊन त्यांचे यजमान रिक्षानं आले. ते प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते, निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिली असतील. बाईंना वर्षभरापूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात, उजवा पाय गेलेला. समजायचं सगळं, अगदी बारीकसारीक. पण तोंडातून शब्द निघत नसे. डाव्या हातानं लिहून पाहिलं तर अक्षरं एकमेकांत अडकायची. कधी दचकल्या किंवा हसल्या तर एखादा आवाज आपोआप फुटायचा. "आता काढा बरं तोच आवाज" म्हटलं की ओठ हलायचे, मान ताणली जायची आणि काहीच यायचं नाही. या दुखण्यात असंच होतं. ठरवून काढायला गेलं की वाट बंद.

यजमान टेबलाशी उभे राहून मॅडमशी गुजरातीत बोलले, म्हणून फॉर्मवर 'भाषा' या रकान्यात मॅडमनी गुजराती लिहिलं. एक गोष्ट ते दोनदा सांगत होते. मागच्या महिन्यात बाई न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडल्या. ते बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत होते. बाईंनी बांगडी फरशीवर आपटून हाक मारली, पण त्यांना ऐकू आलं ते बातम्या संपल्यावर. "अर्धा तास, बेन," ते म्हणाले. "अर्धा तास ती तिथे आणि मी इथे." बाई भिंतीकडे बघत होत्या.

मॅडमनी फॉर्मच्या शेवटच्या प्रश्नाखाली पेनानं रेघ मारली आणि कागद माझ्याकडे दिला. दुसऱ्या खोलीतल्या माणसाला यंत्रानं बोलावता येतं का, एवढाच तो प्रश्न होता. मॅडमच्या मते बाकी सगळं वरचं होतं. यंत्र कुणाकडे राहणार हे यावर ठरायचं.

आवाज भरायचं काम माझं. आमच्याकडे छापील यादी होती: पाणी, भूक, बाथरूम, दुखतंय, पंखा, हो, नाही, आणि इकडे या. मी दार लावून घेतलं आणि बटण दाबून म्हटलं, "मने पाणी जोईए छे." यंत्रानं ते परत ऐकवलं. पडवीतून काका ओरडले, "बेन, तमारो अवाज तो उंदरडी जेवो छे! जरा मोटेथी बोलो, मशीन पण सांभळे!" मी तीनदा भरलं. तिसऱ्यांदा उंदीर जरा मोठा झाला असावा.

बरोबर एक तक्ता द्यायचो. आठ रकाने, रोजची एक ओळ. जितक्यांदा बटण दाबलं तितक्या खुणा. आठवड्यानं यजमान तक्ता घेऊन आले तर तो गच्च भरलेला. रोज प्रत्येक रकान्यात चार खुणा, एकसारख्या उंचीच्या, एकाच शाईच्या, जशी हजेरी लावतात तशा. बटणांवर चिकटवलेल्या चित्रांचे कोपरे मात्र नव्यासारखे ताठ होते. त्यांना हात लागलेला नव्हता. मी तक्ता पाहिला, त्यांच्याकडे पाहिलं. "रोज वापरे छे," ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. मी फाइलला कागद लावला. मला बोलायला हवं होतं. पण ते खोटं कशासाठी लिहिलंय हे मला कळत होतं, आणि कळलेल्या गोष्टी न बोलणं ही माझी फार जुनी सवय होती.

दुसऱ्या आठवड्यात मला आणखी एक गोष्ट कळली. बाईंना खुर्चीत बसवताना ते हळूच म्हणाले, "थांब, घाई करू नकोस. पदर अडकलाय." मी फाइल शोधत राहिले. ती दोघं मराठी होती, आणि मीही. आम्ही दोन आठवडे एकमेकांशी गुजरातीत बोलत होतो. बडोद्यात हे होतं. दुकानात, बँकेत, बसमध्ये माणूस गुजरातीनंच सुरुवात करतो, आणि मग मध्येच कुणीतरी घरातल्या माणसाला काही बोलतं आणि उलगडा होतो. लोक त्यावर हसतात, "अरे, तुम्ही आपलेच की!" म्हणतात, गाव विचारतात, आडनाव विचारतात. मला ती पुढची विचारपूस नको असायची. इंग्रजी शाळेत मराठी म्हणून मला 'दक्षिणी' असं चिडवायचे आणि नातेवाइकांत गेलं की माझ्या मराठीला हसायचे. त्यामुळे दोन्हीकडे मी कमीत कमी बोलायचे. शिवाय माझ्यासमोर ती दोघं आपापसांत मोकळेपणानं बोलत, म्हणजे ते बोलत आणि त्या ऐकत, आणि मला ते ऐकायला आवडायला लागलं होतं. "गोळी घेतलीस ना? खोटं नको सांगू." किंवा, "ही बेन बघ, किती बारीक आहे. घरी खात नसेल काही." मी मान वर केली नाही.

तिसऱ्या आठवड्यात घरी जाऊन बघायचं असतं. मी माझ्या लुनावरून प्रतापनगरला गेले. रेल्वेची चाळवजा क्वार्टर्स, दोन खोल्या, मागे न्हाणीघर. आतल्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दारासमोर बाईंचा लोखंडी पलंग होता. यंत्र कुठे दिसेना. मग फ्रिजवर दिसलं. त्याला दोऱ्यानं विणलेला पांढरा झालरीचा रुमाल घातला होता, टीव्हीला घालतात तसा.

"धूळ बसते," यजमान गुजरातीत म्हणाले. "अमेरिकेची वस्तू. खराब झाली तर तुम्हाला काय तोंड दाखवू?"

मी इकडेतिकडे पाहिलं. बाईंच्या उशाशी पाण्याचा तांब्या. पंख्याचं बटण दोरी बांधून हाताशी आणलेलं. शेजारीण दर दोन तासांनी येऊन न्हाणीघरात नेऊन आणायची. 'इकडे या' सोडलं तर आमच्या यादीतलं एकही वाक्य या घरात कुणाला लागत नव्हतं. त्यांनी हे सगळं आमच्याकडे यायच्या आधीच लावून ठेवलं होतं, आणि आम्ही विचारलं नव्हतं.

बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी डाव्या हाताची बोटं जुळवून तोंडाकडे नेली, मग माझ्याकडे वळवली आणि भुवया उंचावल्या.

"नको," मी म्हटलं, "मी डबा खाऊन आलेय."

मराठीत. मला बोलून झाल्यावर समजलं.

यजमान स्टुलावर बसता बसता थांबले. "आँ? तुम्ही मराठी?"

"हो."

"तीन आठवडे! तीन आठवडे मी गुजराती फाडतोय आणि ही आपलीच पोर!" ते मांडीवर थाप मारून हसले. "अगं, ऐकलंस का? हिला सगळं कळत होतं. बारीक आहे म्हटलं तेपण कळलं असणार!"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग तोंड भिंतीकडे फिरवलं. त्यांना बोलता येत नव्हतं म्हणून त्या गप्प होत्या. मला येत होतं. तीन आठवडे मी त्यांच्या घरातलं बोलणं ऐकत बसले होते आणि त्यांना ते सांगितलं नव्हतं.

"चुकलं माझं," मी त्यांच्या पाठीला म्हटलं. "पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं." मग म्हटलं, "ही वाक्यं पुसून टाकूया. तुम्हाला काय बोलायचंय ते तुम्ही सांगा. तेच भरू."

बऱ्याच वेळानं त्या वळल्या.

मग दुपारभर आम्ही तेच केलं. मी विचारायचे, त्या मान हलवायच्या, यजमान मध्ये तोंड घालायचे. हळूहळू यादी झाली. जेवलात का? गॅस बंद केला का? डबा घेतला का? कुठे निघालात? बसा ना. टीव्ही बारीक करा. सातवं ठरायला वेळ लागला. त्या बोट यजमानांकडे करत आणि हवेत काहीतरी झटकून टाकत.

"मला घालवून द्यायचंय का?" यजमान म्हणाले.

नाही.

"मग? मी जास्त बोलतो?"

बाईंचा चेहरा उजळला. तेव्हा मी भरलं, "पुरे झालं तुमचं." बाईंनी ऐकलं आणि नाक मुरडलं. पुन्हा. पुन्हा नाक मुरडलं. चौथ्यांदा मी जवळजवळ ओरडले तेव्हा त्यांनी समाधानानं मान हलवली, आणि यजमान म्हणाले, "झालं! आता दोन-दोन जणी."

यातलं एकही वाक्य स्वतःसाठी काही मागणारं नव्हतं.

आठवं बटण बोलावण्याचं. त्यात काय भरायचं हे विचारायची गरजच नव्हती. मी बटण दाबून "अहो" म्हटलं. ते शाळेत हजेरी दिल्यासारखं आलं. मी हा शब्द कधी कुणाला हाक मारायला वापरला नव्हता. मी आठवीत असताना आई गेली. आमच्या घरात तो शब्द तिच्याबरोबर थांबला. बाबा आणि मी एकमेकांना हाक मारतच नाही, आम्ही बोलायचं असेल तर समोर जाऊन उभे राहतो. मी डोळे मिटले आणि आई स्वयंपाकघरातून कशी म्हणायची ते आठवून पाहिलं. पहिलं अक्षर आखूड, दुसरं लांबवलेलं, शेवटी किंचित वर चढलेलं. तसं म्हटलं.

"काय गं?" बाहेरच्या खोलीतून यजमान म्हणाले. ते पाणी प्यायला गेले होते. भांडं हातात घेऊनच ते दारात आले, आणि माझ्याकडे बघून गडबडले. "अरे, तू होय," म्हणाले. मला कुठे बघावं कळेना. बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा यंत्राकडे.

रुमाल काढून ठेवला गेला. चौथ्या आठवड्याचा तक्ता खरा होता, हे बघताक्षणी कळलं. खुणा वेड्यावाकड्या, दोन-तीन शाईंच्या, एके ठिकाणी हळदीचं बोट. 'डबा घेतला का' सकाळी नेमानं. 'पुरे झालं तुमचं' सगळ्यांच्या पुढे, एका रविवारी तर अकरा वेळा. मी तो तक्ता घरी नेऊन पुन्हा बघितला. एका अनोळखी घरात माझा आवाज दिवसभर विचारत होता, जेवलात का, कुठे निघालात. आणि आमच्या घरी मी दारातून आत आले की बाबा टीव्हीचा आवाज थोडा कमी करायचे, मी पानं घ्यायचे, आणि जेवण होईपर्यंत आम्ही दोघं बातम्या ऐकायचो.

आठव्या रकान्यात मात्र एकही खूण नव्हती. पाचव्या आठवड्यातही नाही.

"बोलावत नाही?" मॅडमनी विचारलं. "मग तेच नाही झालं तर काय उपयोग? सोमवारी सहा आठवडे पूर्ण होतायत." त्या कठोर नव्हत्या. यादी त्यांच्या टेबलावर काचेखाली होती आणि त्या ती रोज बघत.

मी आगाऊ न कळवता प्रतापनगरला गेले. यजमान कामावर होते. शेजारणीनं दार उघडलं आणि ती आपल्या घरी गेली. मी पलंगाजवळ स्टूल ओढलं आणि यंत्र बाईंच्या मांडीवर ठेवलं.

"हे एवढं का नाही दाबत?" मी आठव्या बटणावर बोट ठेवलं. "हे दाबलं नाही तर यंत्र परत न्यावं लागेल. मग तुम्ही पडलात तर?"

त्यांनी सातवं बटण दाबलं. "पुरे झालं तुमचं," माझा आवाज माझ्यावर खेकसला.

मला हसू आलं, त्यांनाही. मग त्या थांबल्या. मी त्यांच्याकडे बघत राहिले आणि मला ते भांडं घेऊन दारात आलेले यजमान आठवले. 'काय गं?' ते माझ्या हाकेला आले होते.

"माझा आवाज नको," मी म्हटलं. "बाकीचं चालेल, पण हे नको."

हो, त्यांनी मान हलवली. मग लगेच त्यांनी माझ्या हातावर थोपटलं, जणू मला लागलं असेल. लागलं होतं. का ते मला तिथे बसून सांगता आलं नसतं.

त्यांनी माझं बोट धरून यंत्राच्या कडेवरच्या लाल बटणावर नेलं. आवाज भरायचं बटण. मग स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

आम्ही तासभर प्रयत्न केला. दिवा लाल व्हायचा, बाईंचा गळा ताणायचा, आणि यंत्र नुसता श्वास परत ऐकवायचं. आणि बाहेरून रुळांवरची ठाकठूक. पहिल्याच प्रयत्नात माझं 'अहो' पुसलं गेलं होतं. त्या यंत्रात जुनं काही राहत नाही; वर नवं आलं की खालचं गेलं. जाताना मी बटण कसं दाबून धरायचं ते त्यांना पुन्हा दाखवलं आणि निघाले. हे जमेल असं मला वाटत नव्हतं. शिकले होते त्याप्रमाणे ते जमणारच नव्हतं.

सोमवारी ती दोघं आली तेव्हा मॅडम माझ्या खोलीत येऊन बसल्या. यजमान मागे पडवीच्या दारात उभे राहून काकांशी बुटाच्या पट्ट्याबद्दल बोलत होते. मॅडमनी तक्ता घेतला. आठव्या रकान्यात नऊ खुणा होत्या, सगळ्या शेवटच्या तीन दिवसांतल्या. मला वाटलं, पुन्हा हजेरी.

"दाखवा," मॅडम म्हणाल्या.

बाईंनी बटण दाबलं.

जो आवाज आला त्याला शब्द म्हणता येणार नाही. जाड, फाटका, घशाच्या तळातून ओढून काढलेला, मध्येच तुटलेला. त्याच्यामागे चपलांचा आवाज आणि दार लागल्यासारखं काहीतरी.

"आलो," यजमान पडवीतून म्हणाले, आणि काकांचं वाक्य अर्धं सोडून आत आले. "काय झालं?"

नंतर त्यांनी सांगितलं. चार दिवस बाई ते लाल बटण धरून बसल्या. आवाज ठरवून निघत नाही हे आम्हा सगळ्यांपेक्षा त्यांना जास्त माहीत होतं. म्हणून त्या ठरवत नव्हत्या. रोज सकाळी ते कामाला निघाले की त्या बटण दाबून धरत आणि त्यांच्या पाठीकडे बघत. चौथ्या दिवशी ते डबा ओट्यावर विसरून निघाले. चपला घातल्या, दार ओढलं, आणि मागून हाक आली. वर्षानं. "मी बाहेर उभाच राहिलो," ते म्हणाले. "ती आत रडतेय आणि मी बाहेर. डबा राहिला तो राहिलाच."

मॅडमनी तक्ता खाली ठेवला. मग मला इंग्रजीत म्हणाल्या की हे स्पष्ट नाही. शेजारणीला कळणार नाही, परक्या माणसाला कळणार नाही. फॉर्ममध्ये 'ऐकणाऱ्याला समजेल असा संदेश' असं लिहिलेलं आहे. यादीतली पुढची मुलगी आठ वर्षांची आहे, तिचा विचार करायला हवा. तू काय लिहिशील?

मॅडमना मी तोवर कधी 'हो मॅडम'च्या पलीकडे काही बोलले नव्हते. बाई माझ्याकडे बघत होत्या. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण काय चाललंय ते कळत होतं.

"ऐकणारा एकच आहे, मॅडम," मी म्हटलं. "तो आला." मी यजमानांकडे हात केला. "त्याला अर्धं वाक्य सोडून यावं लागलं. आणखी काय समजायचं असतं?"

पडवीतली ठाकठोक थांबली होती.

मॅडमनी चष्मा काढला, पुन्हा घातला, आणि शेवटच्या प्रश्नापुढे 'हो' लिहून सही केली. मी यंत्राच्या कार्डावर आवाज कुणाचा त्या ओळीत बदल केला: एक ते सात, सहायिका, आठ, स्वतः. यजमान दोन्ही हात जोडून माझ्यासमोर उभे राहिले आणि मी मागे सरकले, कारण त्यावर काय करायचं ते मला येत नव्हतं. बाईंनी यंत्र मांडीवर घट्ट धरलं होतं. जाताना त्यांनी मागे पाहिलं की नाही ते मला आठवत नाही. मी फाइल लावत होते.

यंत्र इतक्यात मिळणार नाही हे सांगायला त्या मुलीच्या घरी मलाच फोन करावा लागला. तिची आई म्हणाली, "सारुं, बेन, ठीक छे." मग विचारलं की मग केव्हा. मी सांगितलं, माहीत नाही.

यंत्र चाललं म्हणजे केस बंद. घरी जायच्या रजिस्टरमधून मी ते नाव काढून टाकलं. वाटलं होतं, बॅटऱ्या बदलायला तरी ते येतील; पण फिटर माणूस, त्यांनी स्वतःच बदलल्या असणार. मग मला त्या घरी जायला काही कारण उरलं नाही, आणि कारण नसताना कुणाच्या घरी जाणं मला तेव्हा जमत नव्हतं.